एनबीएच्या आधी जी लीग होती तिच्याबद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आहे की एनबीए, म्हणजे अमेरिकेतली मुख्य प्रो बास्केटबॉल लीग, १९४६ ला सुरू झाली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मग मुंबईत येऊन खेळून गेलेल्या सॅक्रामेंटो किंग्स या एनबीएतल्या टीमचा इतिहास त्याच्याही मागे कसा जातो, आणि त्याआधी पैसे घेऊन बास्केटबॉल खेळायची धड लीग होती तरी का?

होती. एक नाही, बऱ्याच होत्या. पण त्यातली एक अशी आहे की तिच्याशिवाय आजची एनबीए उभीच राहिली नसती असं माझं ठाम मत आहे. ती म्हणजे नॅशनल बास्केटबॉल लीग, एनबीएल, १९३७ ते १९४९. मी बरीच वर्षं कोचिंग केलंय, टेबलवर बसून स्कोअरशीट भरलीत, आणि मुलांना नियम शिकवताना "हा नियम आला कुठून" हे सांगायची सवय असल्यामुळे या लीगकडे परत परत जावं लागतं. म्हणून जरा लांबण लागली तरी नीट लिहितो.

आधीचा भाग पटकन उरकू. जेम्स नेस्मिथनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला वायएमसीएच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये हा खेळ काढला, १३ नियम आणि पीचच्या टोपल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खेळ निघून ५ वर्षं होत नाहीत तोच १८९६ मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला तिकीट लावून, खेळाडूंना पैसे देऊन मॅच झाली. १८९८ ला फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीच्या टीमची पहिली प्रो लीग निघाली. तिचंही नाव नॅशनल बास्केटबॉल लीगच होतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो, पण ती वेगळी आणि ती १९०४ पर्यंत संपली. तेव्हा कोर्टाभोवती जाळी असायची, पिंजऱ्यासारखी, बॉल बाहेर जायचाच नाही. मग १९२५ ला अमेरिकन बास्केटबॉल लीग आली. तिचा अध्यक्ष जो कार, जो अमेरिकन फुटबॉलची लीग, एनएफएल, पण चालवत होता. तिनं जाळी काढली, डबल ड्रिबल (बॉल आपटणं थांबवून परत आपटत निघणं) बंद केलं आणि खेळाडूनं एकाच टीमशी करार करायचा हा नियम लावला. त्याआधी एकच माणूस सोमवारी एका टीमकडून आणि बुधवारी दुसरीकडून खेळायचा! पण १९२९ ची मंदी आली आणि १९३१ ला ती लीग थांबली. १९३३ ला परत सुरू झाली, पण पूर्वेकडच्या थोड्या शहरांपुरतीच.

आता खरा विषय.

मंदीच्या काळात अमेरिकेच्या मध्य भागात, म्हणजे ओहायो, इंडियाना, विस्कॉन्सिन या पट्ट्यात, मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या टीम होत्या. आपल्याकडे मुंबईत कबड्डीत कसं महिंद्रा, भारत पेट्रोलियम अशा टीम असतात आणि पोरगा चांगला खेळतो म्हणून त्याला नोकरी लागते, अगदी तस्संच. अ‍ॅक्रन हे टायरचं गाव, तिथं गुडइयर आणि फायरस्टोन दोघांच्या टीम. फोर्ट वेनला जनरल इलेक्ट्रिकची. कॉलेजात चांगलं खेळलेल्या मुलाला या कंपन्या नोकरी द्यायच्या, दिवसा काम, संध्याकाळी प्रॅक्टिस, आणि त्या काळात, जेव्हा शिकलेल्या माणसालाही काम मिळत नव्हतं, तेव्हा पक्की नोकरी हाच सगळ्यात मोठा पगार होता. प्रो खेळाडू म्हणजे फक्त खेळून पोट भरणारा ही आपली आजची समजूत तिथं लावून बघू नका, नाहीतर ती लीग कळणारच नाही.

१९३५ पासून या भागात मिडवेस्ट बास्केटबॉल कॉन्फरन्स नावाची एक स्पर्धा चालू होती. १९३७ ला तिचंच नाव बदलून नॅशनल बास्केटबॉल लीग केलं, कारण 'नॅशनल' म्हटलं की जरा मोठं वाटतं, लोक येतील. मागे जोर गुडइयर, फायरस्टोन आणि जनरल इलेक्ट्रिक या तिघांचा. पहिल्या सीझनला १३ टीम. नावं बघा, अ‍ॅक्रन फायरस्टोन नॉन-स्किड्स, अ‍ॅक्रन गुडइयर विंगफूट्स, इंडियानापोलिस कॉट्स्कीज, ओशकोश ऑल-स्टार्स, व्हायटिंग, बफेलो, पिट्सबर्ग, कंकाकी, डेटन. कॉट्स्कीज हे तर मालकाचंच आडनाव, फ्रँक कॉट्स्की, इंडियानापोलिसमधला किराणा दुकानदार. त्याच्या टीमकडून जॉन वुडन खेळायचा, हो तोच, पुढे यूसीएलए या युनिव्हर्सिटीचा कोच म्हणून कॉलेज बास्केटबॉलची १० एनसीएए टायटल जिंकणारा. तेव्हा तो हायस्कूलमध्ये शिकवायचा आणि शनिवार-रविवार प्रो खेळायचा. त्यानं सलग १३४ फ्री थ्रो टाकले होते, आणि शंभरावा पडला तेव्हा कॉट्स्कीनं मॅच थांबवून त्याच्या हातात १०० डॉलरची नोट ठेवली असं सांगतात. मालक कोर्टावर येऊन नोट देतोय, अशी ती लीग होती.

नियमांचं काय म्हणाल तर पहिल्या वर्षी सगळं फारच ढिलं होतं. मॅचेस कुणाशी कधी लावायच्या हे टीमनं आपसात ठरवायचं, फक्त किमान १० मॅच खेळायच्या आणि त्यातल्या ४ बाहेरगावी. मॅच १० मिनिटांचे ४ क्वार्टर की १५ मिनिटांचे ३ भाग हे घरची टीम ठरवणार! आणि त्याहून मोठं म्हणजे सेंटर जंप. तोपर्यंत प्रत्येक बास्केटनंतर बॉल परत मध्ये आणून जंप बॉल व्हायचा, म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये बॉल वर उडवायचा आणि त्यांनी उडी मारून तो मिळवायचा. म्हणजे विचार करा, बास्केट टाकलं की खेळ थांबला, सगळे चालत मध्ये आले, परत उडी. कॉलेजवाल्यांनी १९३७-३८ ला हे बंद केलं, आणि एनबीएलनं पहिल्या वर्षी ते पण घरच्या टीमवर सोडलं, पाहिजे तर ठेवा नको तर काढा. वर्षभरातच सगळ्यांना कळलं की जंप काढला की खेळ धावतो, लोकांना मजा येते, आणि तो विषय कायमचा संपला. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो कारण फास्ट ब्रेक (बॉल मिळताच समोरचे सावरायच्या आत धावत जाऊन बास्केट टाकणं) नावाची गोष्ट खरी इथून मोकळी झाली, आज आपण दहा वर्षांच्या पोरांना आऊटलेट पास, म्हणजे त्या धावेचा पहिला पास, शिकवतो त्याला अर्थच नसता जर प्रत्येक बास्केटनंतर जंप असता.

पहिलं टायटल गुडइयरनं जिंकलं, ओशकोशला हरवून. पुढची दोन फायरस्टोननं, तीही ओशकोशलाच हरवून. म्हणजे ओशकोश सलग ३ फायनल हरली. ओशकोश हे विस्कॉन्सिनमधलं छोटं गाव, मागे कुठली मोठी कंपनी नाही, टीम उभी केलेली लॉन डार्लिंग नावाच्या बियाणं विकणाऱ्या माणसानं. आणि तिथं खेळत होता लेरॉय एडवर्ड्स, 'काउबॉय' म्हणायचे त्याला. केंटकी युनिव्हर्सिटीतून आलेला सेंटर, अंगानं दांडगा, रिंगखाली उभा राहिला की हलवणं अशक्य. तीन सेकंदांचा नियम (समोरच्या टीमच्या रिंगखालच्या भागात हल्ला करणाऱ्या खेळाडूनं तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही) शिकवताना मी त्याचं नाव आवर्जून घेतो. १९३५ मध्ये केंटकी आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली मॅच रिंगखालच्या धक्काबुक्कीमुळे गाजली, त्यात हा होता, आणि त्यानंतर लगेचच कॉलेजच्या खेळात तीन सेकंदांचा नियम आला. एनबीएलच्या पहिल्या तिन्ही सीझनला सगळ्यात जास्त पॉइंट याचेच. शेवटी १९४१ आणि १९४२ ला ओशकोशनं टायटल जिंकलंच. आज बास्केटबॉल बघणाऱ्या दहा जणांना विचारा एडवर्ड्स कोण, एकालाही सांगता येणार नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग युद्ध आलं. फायरस्टोननं १९४१ ला टीम काढून घेतली, गुडइयरनं १९४२ ला. पोरं सैन्यात गेली. १९४२-४३ ला ५ टीमनी सीझन सुरू केला, त्यातली एक मध्येच बंद पडली, पुढच्या वर्षी तर ४ च टीम. लीग मेलीच असती खरं तर. पण याच सगळ्यात वाईट वर्षी त्या लीगनं एक गोष्ट केली जी माझ्या मते तिच्या इतिहासातली सगळ्यात मोठी.

१९४२-४३ च्या सीझनला खेळाडूच मिळेनात म्हणून टोलेडोच्या जिम व्हाइट शेव्हरलेट्स आणि शिकागोच्या स्टुडबेकर फ्लायर्स या दोन टीमनी काळे खेळाडू घेतले. टोलेडोनं स्थानिक पोरं घेतली, बिल जोन्स त्यातला मुख्य. स्टुडबेकरनं तर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या काळ्या खेळाडूंच्या फिरत्या टीमचे खेळाडू घेतले, ते युद्धामुळे स्टुडबेकरच्या कारखान्यात कामाला होते, सनी बॉसवेल, बर्नी प्राइस, ड्यूक कंबरलँड असे. दोन्ही मिळून १० जण. टोलेडोची टीम ४ मॅच हरून बंद पडली, शिकागोनं सीझन पूर्ण केला, ८ जिंकल्या १५ हरल्या. पण तारीख बघा. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन, आधुनिक काळातला तिथला पहिला काळा खेळाडू, मेजर लीगमध्ये आला एप्रिल १९४७ ला. म्हणजे बास्केटबॉलच्या या गावठी लीगनं ते चार वर्षांहून जास्त आधी केलं होतं, आणि कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. गरज होती म्हणून केलं हे खरंय, पण केलं. गरज तर बेसबॉलवाल्यांनाही होती युद्धात, त्यांनी नाही केलं.

इथं एक सांगायला पाहिजे की काळे खेळाडू चांगले आहेत हे एनबीएलच्या टीमना आधीपासून चांगलंच माहीत होतं, कारण ते त्यांच्याकडून हरलेले होते. १९३९ पासून शिकागोला वर्ल्ड प्रोफेशनल टूर्नामेंट भरायची, त्यात सगळ्यांना प्रवेश, लीगवाले, फिरत्या टीम, काळ्या टीम. पहिलीच टूर्नामेंट न्यूयॉर्क रेन्स या पूर्ण काळ्या टीमनं जिंकली, फायनलला ओशकोशला ३४-२५ हरवून. दुसरी ग्लोबट्रॉटर्सनी. ग्लोबट्रॉटर्स म्हणजे नुसते बॉल फिरवून हसवणारे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं, त्या काळात ते देशातल्या सगळ्यात चांगल्या टीमपैकी एक होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी जॉर्ज माइकनच्या मिनियापोलिस लेकर्सना शिकागो स्टेडियममध्ये ६१-५९ हरवलं, एर्मर रॉबिन्सनचा शेवटच्या क्षणीचा शॉट, आणि ते लेकर्स त्या वर्षीचे एनबीएल चॅम्पियन.

१९४६ ला पॉप गेट्स बफेलोकडून (ही टीम त्याच सीझनला ट्राय-सिटीजला गेली) आणि डॉली किंग रॉचेस्टरकडून खेळले. एका मॅचमध्ये सिराक्यूजच्या चिक मीहानशी गेट्सची मारामारी झाली, आणि पुढच्या सीझनला गेट्स आणि किंग दोघांनाही परत घेतलं नाही. सरळ रस्ता नव्हता, दोन पावलं पुढे एक मागे असंच चाललं होतं. मग डिसेंबर १९४८ ला डेट्रॉइटची टीम मध्येच कोसळली तेव्हा लीगनं तिच्या जागी पूर्णच्या पूर्ण रेन्सची टीम घेतली, डेटन रेन्स या नावानं, आणि कोच-कम-खेळाडू पॉप गेट्स. गोऱ्यांच्या प्रो लीगमध्ये पूर्ण काळी टीम, काळा कोच, १९४८ ला! त्यांना डेट्रॉइटच्या २ विजय १७ पराभवांचं ओझं डोक्यावर घेऊन सीझन खेळावा लागला, तरी त्यांनी स्वतःच्या १४ मॅच जिंकल्या.

आता युद्धानंतरचं. १९४१ ला लीगमध्ये फ्रेड झोलनर आला होता. फोर्ट वेनला त्याचा पिस्टन बनवायचा कारखाना, टीमचं नाव झोलनर पिस्टन्स. आजच्या डेट्रॉइट पिस्टन्सचं नाव डेट्रॉइटच्या गाड्यांवरून पडलं असं बहुतेकांना वाटतं, पण ते नाव डेट्रॉइटला जायच्या १६ वर्षं आधीपासूनचं आहे, ते झोलनरच्या कारखान्यातून आलंय. झोलनरकडे पैसा होता आणि खेळाचं वेड होतं, त्यानं बॉबी मॅकडर्मॉटसारखा लांबून सेट शॉट (उडी न मारता उभ्यानं टाकलेला शॉट) मारणारा खेळाडू आणला, १९४४ आणि १९४५ चं टायटल घेतलं, वर्ल्ड टूर्नामेंट सलग ३ वर्षं जिंकली. आणि ही सगळ्या देशातली सगळ्यात भारी टीम घरच्या मॅच कुठं खेळायची, तर नॉर्थ साइड हायस्कूलच्या जिममध्ये. हे वाक्य मुद्दाम लक्षात ठेवा कारण लीग का संपली त्याचं उत्तर यातच आहे.

१९४५ ला रॉचेस्टर रॉयल्स आली, लेस हॅरिसनची टीम. पहिल्याच वर्षी चॅम्पियन. काय टीम होती ती, बॉब डेव्हिस, ज्यानं पाठीमागून ड्रिबल लोकांना दाखवलं, अल सर्वी, रेड होल्झमन जो पुढे न्यूयॉर्क निक्सचा कोच म्हणून दोन टायटल जिंकला, शिवाय फुटबॉलचा मोठा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम, बेसबॉलचा डेल राइस, आणि पुढे टीव्हीवर हिरो झालेला चक कॉनर्स. हीच रॉचेस्टर रॉयल्स १९५७ ला सिनसिनाटीला गेली, मग कॅन्सस सिटी, मग १९८५ ला सॅक्रामेंटो, तेच किंग्स. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळले ते हेच. त्यांचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, म्हणून आपल्याकडे तेवढ्यापुरती त्यांची चर्चा झाली, पण ज्या टीमला आपण समोर बघत होतो ती एनबीएच्या आधीच्या लीगची चॅम्पियन आहे हे त्या दोन दिवसांत मला कुठं ऐकू आलं नाही.

मग १९४६ ला काय झालं? ६ जून १९४६ ला न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलमध्ये मोठमोठ्या इनडोअर स्टेडियमचे मालक जमले. बॉस्टन गार्डनचा वॉल्टर ब्राउन, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचा नेड आयरिश वगैरे. यांच्या इमारतींमध्ये आइस हॉकी चालायची पण बाकीच्या रात्री जागा रिकामी, भाडं बुडतंय. युद्ध संपलंय, लोकांच्या खिशात पैसा आलाय, कॉलेज बास्केटबॉलला गर्दी होतेय, मग आपणच प्रो लीग काढू. बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका, बीएए. अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ, जो हॉकी लीगचा अध्यक्ष होता, बास्केटबॉलचा त्याचा काही संबंध नव्हता. १ नोव्हेंबर १९४६ ला टोरंटोला पहिली मॅच, निक्सनी टोरंटो हस्कीजना ६८-६६ हरवलं. एनबीए आपला जन्म याच दिवसापासून मोजते. आणि मॅच ४० मिनिटांऐवजी ४८ मिनिटांची केली, तिकीट काढून आलेल्या माणसाला पूर्ण संध्याकाळ मिळावी म्हणून. एनबीएत आजही ४८ मिनिटं आहेत त्याचं कारण हे, आपण एफआयबीएच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या, नियमानं ४० खेळतो.

आता दोन लीग समोरासमोर. बीएएकडे मोठी शहरं, मोठ्या इमारती, पेपरवाले. एनबीएलकडे छोटी गावं, शाळेच्या जिम, पण खेळाडू! जॉर्ज माइकन, ६ फूट १० इंच, चष्मा लावणारा, त्या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू, तो १९४६ ला एनबीएलच्या शिकागो अमेरिकन गिअर्सकडे गेला, ५ वर्षांचे ६०,००० डॉलर, तेव्हा न ऐकलेली रक्कम. गिअर्सनी १९४७ चं टायटल घेतलं आणि मालक मॉरिस व्हाइटला वाटलं की आपण स्वतःचीच वेगळी लीग काढू, १६ टीम, सगळ्या आपल्या. ती काही आठवड्यांत बुडाली. त्यानं परत एनबीएलमध्ये घ्या म्हटलं तर लीगनं नकार दिला आणि त्याचे खेळाडू बाकीच्या टीममध्ये वाटले. वाटपात पहिला नंबर कुणाचा, तर आदल्या वर्षी शेवटी असलेल्या टीमचा. आणि शेवटी होती डेट्रॉइट जेम्स, ४ विजय ४० पराभव, जी नुकतीच १५,००० डॉलरला विकून मिनियापोलिसला नेली होती आणि नाव ठेवलं होतं लेकर्स. अशा रीतीनं माइकन लेकर्सकडे आला. १५,००० डॉलर! आज ती टीम काही अब्जांची आहे.

बीएएची अवस्था बाहेरून दिसत होती तेवढी चांगली नव्हती. ११ टीमपैकी ४ पहिल्याच वर्षानंतर बंद, टोरंटो, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, पिट्सबर्ग. ८ चा आकडा करायला अमेरिकन बास्केटबॉल लीगमधून बाल्टिमोर बुलेट्सना आणलं, आणि दुसऱ्या लीगमधून आलेल्या त्या टीमनं पहिल्याच वर्षी, १९४८ ला, बीएएचं टायटल मारलं. यावरून खेळाचा दर्जा काय होता ते समजा.

पोडोलॉफ बास्केटबॉलचा नसला तरी वकील होता आणि हुशार होता. मैदानात हरवता येत नाही तर विकत घ्या, त्यापेक्षा बोलावून घ्या. त्यानं एनबीएलच्या सगळ्यात भक्कम टीमना मोठ्या इमारतींचं आमिष दाखवलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनला खेळायला मिळेल, बॉस्टनला खेळायला मिळेल. आणि १९४८ ला मिनियापोलिस, रॉचेस्टर, फोर्ट वेन आणि इंडियानापोलिस या ४ टीम उठून तिकडे गेल्या. झोलनरला दोष देता येत नाही, शाळेच्या जिमच्या तिकिटातून माइकनसारख्यांचे पगार कसे निघणार? एनबीएलचं सगळं उत्पन्न म्हणजे दारावरची तिकिटं. टीव्हीचा पैसा नाही, काही नाही. युद्धाआधी नोकरी हा पगार होता तेव्हा हे गणित बसत होतं, युद्धानंतर दोन लीग एकाच खेळाडूवर बोली लावायला लागल्या आणि गणित बिघडलं. माझ्या मते एनबीएल संपली ती इथं, बाकी सगळं कागदपत्रं.

तरी एनबीएल एक वर्ष तगली, आणि चांगली तगली. सिराक्यूजकडे नवा डॉल्फ शेज, अँडरसनची मांसाच्या कारखान्यावाल्या डफी बंधूंची टीम चॅम्पियन. वर त्यांनी एक डाव टाकला, केंटकीच्या ऑलिंपिक गोल्ड जिंकलेल्या पोरांना, अ‍ॅलेक्स ग्रोझा, राल्फ बेअर्ड वगैरेंना, इंडियानापोलिसला टीमच काढून दिली, खेळाडूच मालक. बीएए घाबरली ती याला. ३ ऑगस्ट १९४९ ला न्यूयॉर्कला दोन्ही लीग एक झाल्या, नवीन नाव नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन. नाव बघा, 'नॅशनल' एनबीएलचा आणि 'असोसिएशन' बीएएचा. पण इतिहास फक्त बीएएचा धरला.

पहिल्या सीझनला १७ टीम, त्यात शेबॉयगन, वॉटर्लू, अँडरसन, डेन्व्हर. न्यूयॉर्कच्या लोकांना शेबॉयगनविरुद्धची मॅच विकणं अवघड होतं, आणि एका वर्षातच या चारही टीम बाहेर पडल्या, शिवाय बीएएच्या शिकागो आणि सेंट लुईस बंद, १७ च्या ११ राहिल्या. ग्रोझा आणि बेअर्डवर कॉलेजमधल्या पॉइंट शेव्हिंगचं (पैसे घेऊन मुद्दाम स्कोअरचा फरक कमी ठेवण्याचं) प्रकरण शेकलं, १९५१ ला कायमची बंदी.

पण मैदानावर काय झालं ते बघा, माझा मुद्दा इथं आहे. १९४९ ला, म्हणजे पहिल्याच वर्षी, बीएएचं टायटल कुणी जिंकलं? एनबीएलमधून आलेल्या लेकर्सनी. १९५० लेकर्स. १९५१ रॉचेस्टर. १९५२, ५३, ५४ लेकर्स. १९५५ सिराक्यूज. सलग ७ वर्षं चॅम्पियन एनबीएलचा! १९५० ला तर फायनल लेकर्स विरुद्ध सिराक्यूज, १९५५ ला सिराक्यूज विरुद्ध फोर्ट वेन, म्हणजे दोन्ही बाजूंनी जुनी एनबीएलच. आणि आजच्या ३० टीममध्ये बघितलं तर बीएएच्या पहिल्या ११ पैकी ३ शिल्लक आहेत, सेल्टिक्स, निक्स, वॉरियर्स. एनबीएलच्या ५, लेकर्स, पिस्टन्स, किंग्स, हॉक्स (बफेलो, ट्राय-सिटीज, मिलवॉकी, सेंट लुईस करत अटलांटाला पोहोचलेली) आणि सेव्हन्टीसिक्सर्स (म्हणजे मूळची सिराक्यूज नॅशनल्स). पाचाला तीन.

अजून एक. नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेननं मिनियापोलिसला १९-१८ हरवलं. पूर्ण मॅचचा स्कोअर आहे हा! माइकनला थांबवायचं कसं, तर बॉल धरून उभं राहायचं. लोक कंटाळले, खेळ मरायला लागला. त्यावर उपाय काढला सिराक्यूजच्या डॅनी बियासोननं, बोलिंग अ‍ॅलीचा मालक, एनबीएलचा जुना माणूस, आणि त्याच्याबरोबर लिओ फेरिस, जो एनबीएलच्या बाजूनं विलीनीकरणाच्या बोलण्यात होता. उपाय म्हणजे शॉट क्लॉक, बॉल हातात आला की ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायलाच पाहिजे. किती सेकंद, त्याचा हिशोब साधा, चांगल्या रंगलेल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात, ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद, भागिले १२०, चोवीस. १९५४-५५ पासून शॉट क्लॉक लागला आणि टीमचा सरासरी स्कोअर ७९ वरून ९३ वर गेला. आज तुम्ही कुठल्याही जिममध्ये लाल आकडे २४ पासून खाली येताना बघता ते त्या छोट्या गावांच्या लीगमधल्या माणसांचं काम आहे.

आणि काळ्या खेळाडूंची गोष्ट पण तिथंच येऊन मिळते. एनबीएत पहिला काळा खेळाडू कोर्टावर उतरला तो अर्ल लॉइड, वॉशिंग्टनकडून, ३१ ऑक्टोबर १९५०. मॅच कुठं होती? रॉचेस्टरला, ज्या गावानं ४ वर्षं आधी डॉली किंगला खेळताना बघितलं होतं.

आता शेवटचं, रेकॉर्डचं, कारण हे पण लोक विचारतात. एनबीए बीएएचे आकडे स्वतःचे म्हणून धरते, एनबीएलचे धरत नाही. त्यामुळे माइकनचे अधिकृत पॉइंट १०,१५६ दिसतात, एनबीएलमधल्या दोन सीझनचे १,६०८ धरले तर ११,७६४ होतात. लेकर्सचं १९४९ चं टायटल त्यांच्या १७ मध्ये मोजलं जातं, पण त्याच माइकननं, त्याच जिम पोलार्डनं (माइकनचा टीममधला साथीदार), त्याच टीमनं आदल्या वर्षी जिंकलेलं १९४८ चं मोजलं जात नाही, कारण ते 'दुसऱ्या' लीगमधलं. मला हे चुकीचं वाटतं. एडवर्ड्स, मॅकडर्मॉट, पॉप गेट्स यांचे आकडे कुठल्याच मुख्य यादीत येत नाहीत म्हणून नवीन पिढीला ही माणसं सापडतच नाहीत. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे १९६७ ते ७६ वाली तिरंगी बॉलची लीग, तिचे आकडे पण एनबीए वेगळेच ठेवते, पण निदान तिच्याबद्दल लोक बोलतात.

तेव्हा उत्तर असं की किंग्सचा इतिहास मागे जातो कारण ती टीम एनबीएच्या आधीची आहेच, तिनं १९४६ च्या वसंतात एनबीएलचं टायटल घेतलं तेव्हा बीएएची पहिली मीटिंगसुद्धा झालेली नव्हती. कुणाला यातल्या एखाद्या टीमबद्दल अजून पाहिजे असेल तर विचारा, रेन्सबद्दल तर वेगळं लिहायलाच पाहिजे, त्यांच्या फिरतीच्या वर्षांबद्दल मी इथं जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही.